आपला कचरा कुठं नांदतो?

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे पहिल्यांदा इकडे आले की नायगारा आणि सी. एन. टॉवर दाखवायच्या आधी त्यांना एक धडा द्यावा लागतो. तो म्हणजे स्वयंपाकघरातल्या तीन डब्यांचा. चहाचा चोथा, मेथीच्या काड्या, देवाची सुकलेली फुलं हिरव्या डब्यात. दह्याचा डबा विसळून निळ्यात. राहिलेलं तिसऱ्यात. वडीलमंडळी दोन दिवस गोंधळतात, तिसऱ्या दिवशी आपल्यालाच चुका दाखवायला लागतात. आणि मग केव्हातरी, सकाळी दाराशी ती भली मोठी गाडी येऊन लोखंडी हातानं डबा उचलून उलटा करून गेली की, सासूबाई खिडकीतून विचारतात, "अरे, पण हे सगळं शेवटी जातं कुठं?"

प्रश्न साधा आहे. आपल्यातल्या वीस-पंचवीस वर्षं इथं काढलेल्यांनाही त्याचं उत्तर चटकन देता येणार नाही. मोठे प्रश्न म्हटले की आपण ओझोनचा थर, ॲमेझॉनचं जंगल, हवामानबदल असं लांबलांबचं बोलतो. पण समाज, राजकारण आणि पर्यावरण ही तिन्ही एका पिशवीत बांधून दर आठवड्याला आपणच रस्त्याच्या कडेला ठेवतो. म्हणून म्हटलं, या अंकात त्या पिशवीच्या मागे मागे जाऊन बघू या.

निळ्या डब्याची कथा आधी सांगतो, कारण ती अभिमानाची आहे. हा डबा मूळचा आपल्या ऑन्टारिओचा. किचनर गावात १९८१ साली काही घरांत तो प्रयोग म्हणून वाटला गेला आणि १९८३ मध्ये सगळ्या गावात सुरू झाला. तिथून तो प्रांतभर आणि पुढे जगभर गेला. १९८९ मध्ये या योजनेला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा पुरस्कारही मिळाला. आता हे वाचून आपल्या मनात काय येणार ते मला ठाऊक आहे. आपल्या गल्लीत तराजू घेऊन येणारा रद्दीवाला, जुन्या साड्यांवर पातेलं देणारी बोहारीण, तेलाचे डबे नि बाटल्या गोळा करणारा भंगारवाला, यांनी हेच काम शंभर वर्षं केलं आणि त्यांना कुणी शालसुद्धा दिली नाही. खरं आहे ते. त्या लोकांकडे पुन्हा येऊच.

पण निळा आणि हिरवा डबा भरूनही जे उरतं, त्याचं काय?

'कॅनडाज वंडरलँड'ला आपण सगळेच मुलांना घेऊन जातो. तिथून काही किलोमीटरवर, मेपल गावाजवळ, कील व्हॅली नावाची जागा आहे. पूर्वी तिथं वाळू-खडीच्या खाणी होत्या. १९८३ पासून त्या खड्ड्यात टोरांटो आणि आसपासच्या भागाचा कचरा टाकायला सुरुवात झाली. वीस वर्षांत अडीच कोटी टनांहून जास्त कचरा तिथं पुरला गेला. या देशातल्या सर्वांत मोठ्या कचराभूमींत तिची गणना होई. सुरुवातीला आजूबाजूला शेतंच होती. पण टोरांटोची वस्ती उत्तरेला सरकत सरकत तिच्या कुंपणाला भिडली. चार-पाच लाखांचं घर घेतलेल्या माणसाला उन्हाळ्यात खिडकी उघडता येईना. सीगल पक्ष्यांचे थवे आणि दिवसभर ट्रकची रांग. लोक चिडले, आणि त्यांच्याकडे मतं होती. अखेर ३१ डिसेंबर २००२ ला कील व्हॅली बंद झाली. आता वरून मातीचं झाकण आहे आणि शेजारी गोल्फचं मैदान.

बंद होणार हे दहा-बारा वर्षं आधीपासून माहीत होतं. मग पर्यायी जागा का शोधली नाही? शोधली ना! गंमत (गंमत कसली म्हणा) तिथंच सुरू होते.

१९९१ मध्ये बॉब रे यांच्या एन.डी.पी. सरकारनं 'इंटरिम वेस्ट ऑथॉरिटी' नावाची संस्था काढली. तत्त्व असं ठरवलं की टोरांटो परिसरानं आपला कचरा आपल्याच परिसरात मुरवायचा, बाहेर कुणाच्या गळ्यात घालायचा नाही. तसा कायदाही केला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात एवढं सरळ तत्त्व आधीही कुणी मांडलं नव्हतं आणि नंतरही नाही. पण नकाशावर जागांवर खुणा पडायला लागल्या तशी गावोगावी आग भडकली. चांगल्या शेतजमिनी जाणार म्हणून शेतकरी उठले, घरांच्या किमती उतरणार म्हणून नोकरदार उठले. ट्रॅक्टरचे मोर्चे निघाले. १९९५ मध्ये सरकार बदललं, माईक हॅरिस आले आणि ती संस्था गुंडाळली गेली. कचरा बाहेर पाठवायची वाट मोकळी झाली.

मग नजर गेली उत्तरेला. टोरांटोपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर कर्कलंड लेक जवळ ॲडम्स माइन ही लोखंडाची खाण १९९० मध्ये बंद पडलेली होती. तिचे प्रचंड उघडे खड्डे रिकामेच होते. रेल्वेनं टोरांटोचा कचरा तिथं न्यायचा, खड्डे भरायचे, आणि खाण बंद पडून बेकार झालेल्या भागाला थोडे पैसे आणि थोड्या नोकऱ्या द्यायच्या अशी योजना होती. कागदावर सगळ्यांचंच भलं! पण त्या खडकाला भेगा होत्या आणि खाली भूजल वाहत होतं. कचऱ्यातून झिरपणारं पाणी पुढं पिढ्यान्‌पिढ्या पंपानं उपसत राहायचं, म्हणजे प्रदूषण बाहेर पडणार नाही, असं तज्ज्ञ सांगत होते. टिमिस्कामिंग भागातले दूधवाले शेतकरी म्हणाले, तुमचा पंप बंद पडला तर आमच्या विहिरींचं काय? तिथले आदिवासी आणि हद्दीपलीकडचे क्वेबेकचे लोकही त्यांच्या बाजूला उभे राहिले. सन २००० मध्ये त्यांनी रेल्वेचे रूळ अडवले. आपल्याकडे 'रेल रोको' म्हणतात ना, हुबेहूब तेच.

टोरांटोच्या नगरपालिकेत ऑक्टोबर २००० मध्ये या विषयावर दिवस-दिवस चर्चा चालली. महापौर मेल लास्टमन करार व्हावा या बाजूचे. विरोधकांच्या पुढे जॅक लेटन, जे पुढं एन.डी.पी.चे देशाचे नेते झाले. मतदानात करार मंजूरही झाला. पण शेवटी घोडं अडलं ते एका कलमावर. पुढं अनपेक्षित खर्च निघाला तर तो कुणी सोसायचा? कंत्राटदार म्हणाले आम्ही नाही. ज्यांना या योजनेच्या सुरक्षिततेची खात्री होती, त्यांनीच तिची हमी घ्यायचं नाकारलं! करार मोडला. २००४ मध्ये प्रांतिक सरकारनं कायदाच करून त्या खाणीत कचरा टाकायला बंदी घातली.

आता कील व्हॅली बंद आणि ॲडम्स माइन नाही. उरली अमेरिका.

डेट्रॉइटच्या विमानतळापासून जवळच, मिशिगन राज्यातल्या सम्टर टाउनशिपमध्ये 'कार्लटन फार्म्स' नावाची कचराभूमी आहे. (नाव पाहा! फार्म्स! कचराभूमींना नावं ठेवणाऱ्या माणसाला वाङ्मयाचं पारितोषिक द्यायला हवं.) टोरांटोचा कचरा रोज शंभराहून जास्त ट्रकांत भरून ४०१ नंबरच्या हायवेनं चारशे किलोमीटर जायचा. २००३ पासून तर सगळाच. आपण सुट्टीत डेट्रॉइटला किंवा शिकागोला नातेवाइकांकडे निघालो की त्या ट्रकांच्या मागं-पुढंच असायचो. फरक एवढाच की आपण चार दिवसांनी परत यायचो.

मिशिगनचे लोक ओरडत होते. तुमचा देश क्षेत्रफळानं जगात दुसरा, आणि कचरा टाकायला जागा आमच्याकडे? पण त्यांना बंदी घालता येईना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये न्यू जर्सीच्या खटल्यात आणि १९९२ मध्ये खुद्द मिशिगनच्या खटल्यात सांगून ठेवलं होतं की कचरा हाही व्यापाराचा माल आहे, आणि बाहेरचा म्हणून तो राज्याला अडवता येणार नाही. म्हणजे विचार करा, आपण फेकून दिलेली वस्तू सरहद्द ओलांडताना पुन्हा 'माल' होते. तिथल्या कचराभूमींत जागा भरपूर असल्यामुळे दर स्वस्त. स्वस्त मिळतं तिथं गिऱ्हाईक जाणारच.

शेवटी २००६ मध्ये मिशिगनचे सिनेटर आणि ऑन्टारिओचं सरकार यांच्यात समझोता झाला की २०१० अखेर नगरपालिकांचा कचरा पाठवणं बंद करायचं. टोरांटोनं सेंट थॉमस गावाजवळची 'ग्रीन लेन' ही कचराभूमी सुमारे २२ कोटी डॉलर मोजून विकत घेतली. (हे सेंट थॉमस म्हणजे जिथं १८८५ मध्ये सर्कशीतला प्रसिद्ध हत्ती जंबो रेल्वेखाली सापडून गेला, तेच. तिथं त्याचा मोठा पुतळा आहे. मुलांना दाखवायला न्या जमलं तर.) सासूबाईंना उत्तर द्यायचं तर ते हे: तिसऱ्या डब्यातला कचरा टोरांटोपासून दोनशे किलोमीटरवर साउथवोल्ड नावाच्या टाउनशिपमध्ये नांदतो. तो आपल्याकडे येणार हे तिथल्या लोकांना आधी कुणी विचारलं नव्हतं. जवळच राहणाऱ्या ओनायडा आणि चिपेवा या मूळ रहिवाशांनी विरोध केला, पण सौदा झालेला होता. ही जागासुद्धा आणखी दहाएक वर्षांत भरेल असा नगरपालिकेचाच अंदाज आहे.

आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मिशिगनचा तो समझोता फक्त नगरपालिकांच्या कचऱ्यापुरता होता. दुकानं, हॉटेलं, कचेऱ्या, कारखाने, बांधकामं यांचा कचरा खासगी कंत्राटदार उचलतात. तो पूर्वीही अमेरिकेत जात होता आणि आजही जातो. ऑन्टारिओच्या कचऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग सरहद्दीपलीकडे पुरला जातो. २०२५ मध्ये अमेरिकेशी जकातीचं भांडण पेटलं तेव्हा आपल्याला गाड्यांची आणि पोलादाची चिंता होती. सरकारला कचऱ्याचीही होती.

त्या चिंतेतूनच ड्रेस्डेनचं प्रकरण पुढं आलं. चॅटमच्या उत्तरेला सिडनहॅम नदीकाठचं हे छोटं गाव. गुलामगिरीतून पळून आलेल्या जोसाया हेन्सन यांनी इथंच वस्ती उभी केली. 'अंकल टॉम्स केबिन'मधल्या टॉमचा आधार म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या घराचं म्युझियम आहे. या गावाला लागून एक जुनी, वापरात नसलेली कचराभूमी आहे. ती मोठी करून पुन्हा चालवायचा एका कंपनीचा प्रस्ताव आला. गाव उठलं. २०२४ मध्ये सरकारनं संपूर्ण पर्यावरणीय तपासणी झालीच पाहिजे असं जाहीर केलं, आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याच सरकारनं नवा कायदा करून ती अट काढून टाकली. कारण काय, तर अमेरिकेवर अवलंबून राहणं आता परवडणारं नाही. कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण घाई आपली आणि तपासणी मात्र दुसऱ्याची माफ, हा न्याय मला पटत नाही.

आता जरा आपल्या गावाकडे. पुण्याचा कचरा एके काळी कोथरूडला टाकत. कोथरूड वाढलं, पेन्शनरांच्या सोसायट्या झाल्या, तक्रारी झाल्या, आणि कचऱ्याला तिथून उठावं लागलं. त्या जागी आता मेट्रोची कारशेड आहे. कील व्हॅली आणि कोथरूड यांची कुंडली जुळते ती अशी! कचरा गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांकडे. १९९१ पासून तिथं ढीग वाढत राहिला. विहिरींचं पाणी खराब झालं, गावाला टँकर लागले. या गावांत मुली द्यायला लोक नाखूश असतात, अशा बातम्या छापून आल्या. गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली तेव्हा तर तीन आठवडे अडवल्या, आणि पुण्यात सदाशिवापासून हडपसरपर्यंत पेट्या ओसंडून वाहिल्या. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या लोकांनी गाड्या थांबवल्या. मग त्या मिटमिट्याकडे वळवल्या तर तिथं दगडफेक आणि लाठीमार झाला. देवनारची तर काय कथा! १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथं पडतोय. २०१६ च्या जानेवारीत तिथं लागलेल्या आगीचा धूर अवकाशातल्या उपग्रहांनीही टिपला.

टिमिस्कामिंगचा शेतकरी आणि उरुळीचा शेतकरी यांची भाषा वेगळी, पण दोघांचं म्हणणं शब्दशः एकच आहे. फरक एवढाच की इथं ट्रकला झाकण असतं, खड्ड्याला अस्तर असतं आणि वास बऱ्याच लांब जाऊन सोडला जातो. इकडे सगळं कसं स्वच्छ, असं आपण भारतात गेल्यावर सांगतो, तेव्हा त्यात ही दोनशे किलोमीटरची भर घालायला हवी.

आणि लांब म्हणजे किती लांब? २०१३-१४ मध्ये कॅनडातून १०३ कंटेनर फिलिपिन्सला गेले. कागदावर 'पुनर्वापराचं प्लॅस्टिक', आत घरगुती कचरा, वापरलेल्या डायपरसकट. पाच-सहा वर्षं ते मनिलाच्या बंदरांवर कुजत पडले. शेवटी तिथल्या अध्यक्षांनी, दुतेर्ते यांनी, युद्धाची भाषा केली तेव्हा २०१९ मध्ये उरलेले ६९ कंटेनर जहाजानं व्हँकुव्हरला परत आले आणि बर्नबीच्या भट्टीत जाळले गेले. अर्ध्या जगाची वारी करून घरी!

आता त्या रद्दीवाल्यांकडे येतो, कारण या विषयात पुण्यानं एक गोष्ट अशी करून दाखवली आहे जी टोरांटोला जमलेली नाही. कचरा वेचणाऱ्या बायकांची 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारानं उभी राहिली. उकिरड्यातून वेचणाऱ्या या बायांनी महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली, आणि पुढं 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था काढून घरोघरचा कचरा उचलायचं कामच हाती घेतलं. तीन हजारांहून अधिक जणी-जण त्यात आहेत. वेचलेल्या मालाची कमाई त्यांची. प्रत्येक घराशी त्यांची ओळख असते, त्यामुळे ओला-सुका एकत्र दिला तर दारातच ऐकावं लागतं. संस्थेचं सगळं आलबेल आहे असं नाही. दर करारनाम्याच्या वेळी महापालिकेशी ओढाताण ठरलेली. पण कचऱ्याला चेहरा आहे. आपल्याकडे लोखंडी हात आहे.

चेहरा नसला की काय होतं ते टोरांटोनं २००९ च्या उन्हाळ्यात पाहिलं. २२ जूनपासून ३९ दिवस पालिका कामगारांचा संप. क्रिस्टी पिट्ससारख्या बागांमध्ये पिशव्यांचे डोंगर. वादाचं मूळ होतं आजारपणाच्या शिल्लक रजांचे पैसे मिळण्यात. आपल्यातल्या सरकारी नोकरी केलेल्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांना तेव्हाही कळलं नाही. लोकांचा राग कामगारांवर निघाला. पुढच्या वर्षी रॉब फोर्ड महापौर झाले त्यात या रागाचा वाटा मोठा होता, आणि २०१२ मध्ये यंग स्ट्रीटच्या पश्चिमेचं काम खासगी कंत्राटदाराकडे गेलं. ज्या माणसांनी रोज आपली घाण उचलली ती सहा आठवडे थांबली, तेव्हाच त्यांचं अस्तित्व जाणवलं, आणि जाणवलं तेही शत्रू म्हणून.

दुसरा एक मुद्दा आपल्या नव्या मंडळींच्या जिव्हाळ्याचा. टोरांटोत बंगलीत राहणाऱ्यांचा साठ टक्क्यांच्या वर कचरा वेगळा होऊन पुन्हा वापरात येतो. उंच इमारतींत त्याच्या निम्माच. लगेच कुणीतरी म्हणतं, बाहेरून आलेल्यांना शिस्त नाही. शिस्तीचा काय संबंध? बऱ्याच जुन्या इमारतींत प्रत्येक मजल्यावर एकच कचऱ्याचं धुराडं. बाविसाव्या मजल्यावरून हिरवी पिशवी हातात घेऊन, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या नाकावर टिच्चून, मागच्या पार्किंगपर्यंत जायचं, तेही जानेवारीत. जी गृहिणी तिकडे कोथिंबिरीच्या काडीची चटणी आणि दुधी भोपळ्याच्या सालीची भाजी करत होती, तिला काटकसर शिकवायची गरज नाही. गरज आहे ती इमारतीच्या मालकाला तिन्ही सोयी एकाच जागी करायला लावायची. भाडेकरूंनी मिळून अर्ज दिला तर ते होतं. तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या कचेरीत फोन करायला मतदानाचा हक्क लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही.

घरापुरतं म्हणाल तर आपण बरेच बरे आहोत. हिरव्या डब्यातल्या ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत होतं, आणि शाकाहारी मराठी घराचा हिरवा डबा पाहून कुणीही खूश व्हावं. (रॅकून तर होतातच. त्यांच्यासाठी २०१६ पासून खास कुलपाचे डबे वाटले. काहींनी तेही उघडायला शिकून घेतलं. या प्राण्याला मंडळाच्या कार्यकारिणीवर घ्यावं, एवढा उद्योगी.) घोडं पेंड खातं ते सार्वजनिक ठिकाणी. गणपती, कोजागिरी, दिवाळी, संक्रांत! चारशे माणसांचं जेवण, फोमच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे चमचे, वाटीत वाटी, आणि वरून प्रत्येकाच्या हातात पाण्याची अर्धवट प्यालेली बाटली. रात्री हॉल रिकामा करताना बारा-पंधरा काळ्या पिशव्या सहज निघतात. पिशव्यांवर मंडळाचं नाव नसतं एवढंच.

आमच्याकडे गेल्या वार्षिक सभेत यावर अर्धा तास चर्चा झाली. स्टीलची चारशे ताटं एकदाच भारतातून मागवावी, ठेवायला एका सभासदाचं गराज तयार आहे, आणि कम्युनिटी सेंटरच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याचं मोठं यंत्रही आहे, असं एकीनं हिशेबासकट मांडलं. तीन वर्षांच्या पेपर-प्लेटच्या खर्चात ताटं येतात. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं, "पण यंत्रात घालायच्या आधी ताटं खरकटी काढून विसळणार कोण?" सभेत एकदम शांतता. तीन नावं आली आहेत, तिन्ही बायकांची. पुरुषांपैकी निदान सहा जण पुढं आल्याशिवाय ताटं मागवायची नाहीत असं कार्यकारिणीनं ठरवलं आहे. नावं चिटणिसांकडे गणपतीच्या आधी द्यायची आहेत.